ओंबळेंनी त्याला जिवंत धरला होता

परवा गावी गेलो होतो, मेढ्याजवळ, आप्पांकडे. आप्पा म्हणजे माझे चुलते, रिटायर्ड सुभेदार. जेवताना टीव्हीवर यूएपीएच्या, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याच्या, कुठल्यातरी केसमधल्या जामिनाची बातमी लागली आणि आप्पा तापलेच, असल्यांना कसला जामीन अन् कसला वकील, उभं करून गोळी घालायची. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलटं बोललो, आवाज चढला, काकू मधे पडल्या. तेव्हापासनं डोक्यात तेच फिरतंय.

आप्पांचा राग मला कळतो हो. आपल्या साताऱ्यात गावागावातनं पोरं फौजेत जातात, तिरंग्यातली पेटी आली की त्या दिवशी गावात चूल पेटत नाही. कडक कायदा नको असं मी म्हणत नाही.

पण केडंबे आपल्या जावळीतलंच ना? तुकाराम ओंबळे तिथले. 26 नोव्हेंबर 2008 ची रात्र, गिरगाव चौपाटी, हातात लाठी, आणि त्यांनी कसाबच्या एके-47 ची नळी धरली ती गोळ्या अंगावर घेऊनसुद्धा सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला, आणि जिवंत सापडला म्हणून पाकिस्तानातनं कट कसा शिजला ते भर कोर्टात जगापुढं आलं. त्याला वकील दिला, सुप्रीम कोर्टापर्यंत अपील झालं, 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात फाशी. चार वर्षांच्या आत सगळं! आणि त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी होते, हल्लेखोरांना नकाशे पुरवल्याचा आरोप, तो सिद्ध झाला नाही म्हणून कोर्टानं त्यांना सोडलं आणि सुप्रीम कोर्टानंही ते कायम ठेवलं. सगळा देश पेटलेला असताना. मला त्या फाशीइतकाच या सुटकेचा अभिमान वाटतो.

आता दुसरी केस बघा. 11 जुलै 2006, लोकलमधले स्फोट, 180 च्या वर माणसं गेली. 2015 ला मकोका (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा) कोर्टानं 12 जण दोषी धरले, 5 जणांना फाशी. जुलै 2025 मध्ये हायकोर्टानं सगळे निर्दोष सोडले, ज्या कबुलीजबाबांवर केस उभी होती ते मानलेच नाहीत. सरकार सुप्रीम कोर्टात गेलंय, तिथं काय व्हायचं ते होईल, पण 19 वर्षं गेली ना. आत होते त्यांचं तारुण्य गेलं, आणि ज्यांचं माणूस लोकलमध्ये गेलं त्या घराला आपलं माणूस कुणी मारलं हेच अजून कळलेलं नाही. खरे गुन्हेगार वेगळे असतील तर ते इतकी वर्षं मोकळेच फिरतायत. यात सुरक्षित कोण झालं?

यूएपीएमध्ये चार्जशीटला 180 दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते, आणि पोलिसांचे कागद बघून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला की जामीन नाही. 26/11 नंतर ही तरतूद आली. बरं, खटला लगेच उभा राहिला तर मी एक शब्द बोलणार नाही, पण तो राहत नाही. 2021 ला सुप्रीम कोर्टापुढं केरळची एक केस होती, माणूस पाच वर्षांच्या वर आत आणि 276 साक्षीदार तपासायचे बाकी, तेव्हा कोर्टानं जामीन कायम ठेवला. पण प्रत्येकाला दिल्लीपर्यंत जाणं परवडतं का?

माझं म्हणणं एवढंच की जामीन कडक ठेवायचा तर खटल्याला पण मुदत घाला, दोन वर्षं म्हणा. त्यासाठी फक्त हेच खटले चालवणारी कोर्टं द्या, सरकारी वकील द्या, फॉरेन्सिक लॅबला माणसं द्या. सरकारला मुदतीत जमलं नाही तर जामिनाचा विचार साध्या केससारखा व्हावा. आणि निर्दोष सुटलेल्याला भरपाई द्या, उपकार म्हणून नाही, हक्क म्हणून.

सकाळी निघताना आप्पांनी विचारलं, "अन् सुटलेल्यानं परत बाँब ठेवला तर?" प्रश्न खराच आहे, मी तो उडवून लावला नाही. पासपोर्ट जमा, पोलीस ठाण्यात हजेरी, गाव सोडायला बंदी, हे सगळं कोर्ट घालू शकतं असं सांगितलं, तरी धोका शून्य होत नाही हेही कबूल केलं. आप्पा काही बोलले नाहीत, गाडीपर्यंत आले, तांदळाची पिशवी मागच्या सीटवर ठेवली. दिवाळीला परत जाणार आहे, तेव्हा पुन्हा बोलू.