कपाट हलवायचं नाही

कॉलेजला प्रवेश मिळाला तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली. खरी प्रवेशपरीक्षा त्यानंतर होती. वसतिगृहाच्या यादीत माझं नाव प्रतीक्षेच्या रकान्यात पडलं होतं आणि पदवी हातात येईपर्यंत ते तिथून हलेल असं दिसत नव्हतं. म्हणून बाहेर खोली बघायला निघालो.

कॉलेजच्या गावाची गंमत अशी, की सगळ्यांना एकाच पंधरवड्यात खोली हवी असते. पाठीला सॅक, कानाला फोन आणि जिने चढून आलेला दम, एवढ्यावरून नवा विद्यार्थी लांबून ओळखू येतो. मी तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत खोली गेलेली असायची. जिला ती मिळाली ती मुलगी बोटावर किल्ली फिरवत जिन्यातच भेटायची. एका दिवसात मला एकच मुलगी दोन जिन्यांत भेटली, तेव्हा मात्र माझा माणुसकीवरचा विश्वास उडाला.

जाहिरातींचं तर विचारूच नका. ‘कॉलेजपासून पाच मिनिटांवर’ हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं, की कॉलेजभोवती पाच मिनिटांच्या घरांचा दाट वेढा असावा असं वाटायला लागलं. जपानमध्ये घराच्या जाहिरातीत ८० मीटर म्हणजे चालत एक मिनिट असा हिशेब ठरलेला आहे. त्या हिशेबाने पाच मिनिटं म्हणजे ४०० मीटर. मी २५ मिनिटं चाललो. मालकांनी हे अंतर बहुधा दुचाकीवरून, उताराला आणि फाटक उघडं असताना मोजलं असावं.

फोटो त्याहून थोर. एका फोटोतली खोली इतकी लांब होती, की पलीकडच्या टोकाची खुर्ची चिमुकली दिसत होती. कोपऱ्यात पाठ टेकवून वाइड अँगल लेन्सने फोटो काढला की भिंती आपोआप मागे सरकतात. प्रत्यक्षात ती खुर्ची दारातच होती. तिच्यावरूनच आत गेलो, कारण दुसरीकडे पाय ठेवायला जागा नव्हती.

मग मुलाखती. एका काकूंनी मला समोर बसवून विचारलं, “काय शिकतोस?”

“तत्त्वज्ञान.”

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. “मग जामीन कोण राहणार?”

मी वडिलांचं नाव सांगितलं.

“ते तत्त्वज्ञान नाही ना शिकले?”

“नाही.”

“गिटार वाजवतोस?”

“नाही.”

“वाजवणारे मित्र आहेत?”

इथे मी अडखळलो आणि खोली गेली. त्या मित्राशी मी अजून नीट बोलत नाही.

एकट्याला परवडेना म्हणून चौघांनी मिळून घर घ्यायचं ठरवलं. त्या करारात एक कलम होतं: भाड्याची जबाबदारी चौघांची एकत्र आणि प्रत्येकाची स्वतंत्रपणेही. म्हणजे तिघं पळाले तर चौथा सगळं भाडं भरणार. हे वाचल्यावर आम्ही चौघांनी एकमेकांकडे जसं पाहिलं, तसं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. चौघांपैकी प्रत्येकाच्या डोक्यात चौथा म्हणजे आपणच होतो. तिथेच मोडलं. तसा तो करार बारा महिन्यांचा होता आणि कॉलेज काही बारा महिने चालत नाही. सुटीत घर आमच्याविना आराम करणार आणि त्या आरामाचं भाडं आम्ही देणार, हेही मला पचलं नव्हतंच.

ही भांडणं आजची नाहीत. १२०९ साली ऑक्सफर्डमध्ये एका खुनावरून गावकऱ्यांनी विद्यार्थ्यांना फासावर चढवलं आणि उरलेले गाव सोडून पांगले. १२१४ साली पोपच्या प्रतिनिधीने समेट घडवला, तेव्हा गावाला जो दंड झाला त्यात विद्यार्थ्यांच्या घरांचं भाडं दहा वर्षं निम्मं करायचं, अशी अट होती. पळालेल्यांतले काही केंब्रिजला गेले. तिथेही १२३१ साली खुद्द राजा तिसरा हेन्री याला फर्मान काढावं लागलं, की भाडं ठरवायला दोन मास्तर आणि दोन गावकरी बसवा. घासाघीस करताना हा दाखला मी एका घरमालकांना दिला. निम्म्या भाड्याचं त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. फाशीचा भाग मात्र परत सांगायला लावला.

अखेर सत्र सुरू व्हायच्या आदल्या दिवशी एक खोली मिळाली. ताज्या रंगाचा वास येत होता. खिडकी होती, ती उघडतही होती. खटकण्यासारखी एकच गोष्ट म्हणजे भिंतीच्या बरोबर मधोमध उभं असलेलं कपाट. दार पुरतं उघडायच्या आत त्याच्यावर आपटायचं, म्हणून आत शिरताना अंग तिरकं करावं लागे.

“हे जरा बाजूला सरकवलं तर?” मी विचारलं.

“कपाट हलवायचं नाही,” घरमालकीणबाई म्हणाल्या. “बाकी खोली तुझीच आहे.”

डिपॉझिट दिलं. मग एक छापील कागद आला: दिवे तीन, पंखा एक, भिंती उत्तम. खाली सही केली.

रात्री पुस्तकं लावताना पेनाचं टोपण घरंगळत कपाटाखाली गेलं. एका टोपणासाठी करार मोडू नये हे मला कळत होतं, पण हात आधीच कपाटाला लागला होता. ढकललं तर ते इतकं सहज सरकलं, की ते बऱ्याचदा सरकवलेलं असणार हे लक्षात आलं.

मागे ओल होती. चांगली चादरीएवढी. आणि तिच्या कडेने पेन्सिलीच्या रेघा मारलेल्या होत्या, एकीबाहेर एक, घरात पोराची उंची दारावर मांडून ठेवतात तशा. प्रत्येक रेघेपाशी महिना आणि साल, प्रत्येक अक्षर वेगळं. एकाने तर वळणदार अक्षरात ‘प्रबंध सादर केला, आता पुढच्याने बघावं’ असं लिहिलं होतं. सगळ्यांत बाहेरच्या रेघेपाशी शेरा होता: ‘मोठं कपाट मागून घे.’

शेजारी खिळ्याला दोऱ्याने बांधलेली एक बुटकी पेन्सिल लटकत होती. ओल शेवटच्या रेघेच्या चार बोटं पुढे आली होती. तेवढी रेघ मारली, तारीख घातली, टोपण उचललं आणि कपाट होतं तिथे परत सरकवलं.