260 जीएसएमचा ताठा

जुन्या गेमची डबी हाती आली, आत डिस्कही होती, फक्त कव्हर नव्हतं. बाकीच्या रंगीत डब्यांच्या रांगेत ही काळीकुट्ट डबी लग्नघरात रुसून बसलेल्या पाहुण्यासारखी दिसायला लागली. म्हटलं, कव्हर आपणच छापू. चित्र होतं, प्रिंटर होता, रविवार होता. कागदाचा विचारही मनात आला नाही. कागद काय, कागदच.

पहिलं कव्हर प्रिंटरात होता त्याच 80 जीएसएमच्या कागदावर काढलं. चित्र रात्रीच्या लढाईचं, म्हणजे जवळजवळ सगळं काळं. कागदानं ती शाई अशी काही प्यायली की त्याला लाटा आल्या आणि नायक मागच्या बाजूनंही दिसायला लागला. एक गाल सुजलेला.

मग ईर्ष्येनं 260 जीएसएमचा ग्लॉसी फोटो पेपर आणला. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, हे मला आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. छपाई बघून डोळे निवले. पण डीव्हीडीच्या मापाच्या डबीचा कणा 14 मिलिमीटरचा. तिथं दोन घड्या घालाव्या लागतात. या कागदाला मान तुकवणं माहीतच नव्हतं. जबरदस्ती केली तर घडीवरचा चकचकीत लेप तडकला आणि नायकाच्या कानाशेजारून पांढरी भेग निघाली. ए4 कागदाचे तंतू बहुधा लांबीला धरून असतात आणि कव्हराची घडी नेमकी त्यांना आडवी पडते. हे अर्थातच पाकीट संपल्यावर कळलं.

तिसरं पाकीट पातळ आणि चकचकीत, दोन्ही. छापलं, वाळत ठेवलं. संध्याकाळी बोट लावलं, बोट काळं. सकाळी लावलं, तरी काळं. भाच्यानं पाकीट उलटं करून बघितलं.

"मामा, हा लेझरचा कागद आहे. तुझा प्रिंटर इंकजेट, ओल्या शाईचा."

"मग ऑफिसातल्या लेझरवर तो उरलेला फोटो पेपर घालू?"

"घाल की. आतल्या उष्णतेनं त्याचा लेप वितळून रोलरला चिकटेल, मग साहेबांना तूच सांग."

एवढीशी पोरं, पण वाचतात. आपण पाकिटावर फक्त फुलपाखराचा फोटो बघतो.

शेवटी 130 जीएसएमचा, इंकजेटसाठीचा मॅट, म्हणजे बिनचकाकीचा कागद आणला. काळा रंग काळाच आला, कागद सपाट राहिला. रिकाम्या रिफिलनं फूटपट्टीच्या कडेनं आधी रेघ दाबून घेतली, तर घडी सरळ बसली. आणि कव्हर डबीत जाईना! 273 बाय 183 मिलिमीटरचं चित्र, पण छापताना 'फिट टू पेज'वरची खूण काढायची राहिली होती. प्रिंटरनं मोठ्या मनानं चित्र पानभर पसरवलं होतं. दुसरी प्रत शंभर टक्के मापात काढली. कापताना श्वास रोखून धरला होता, भाच्यानंही.

कव्हर सुळकन आत गेलं. मी दोन पावलं मागं सरकून बघितलं. डबीवरच्या पारदर्शक प्लॅस्टिकखाली माझा मॅट कागद आरशासारखा चकाकत होता. शंका आली म्हणून शेजारच्या डबीत ते बोट काळं करणारं कव्हर सरकवून बघितलं. दोन्ही सारखीच! ग्लॉसी की मॅट यावर मी घालवलेल्या तीन रात्री त्या प्लॅस्टिकनं एका क्षणात पुसून टाकल्या.

तेव्हापासून घरी कुणी आलं की मी कव्हर डबीतून बाहेर काढूनच दाखवतो. "बघा ना, बोट फिरवून बघा." लोक बोट फिरवतात, "छान आहे" म्हणतात आणि नंतर हळूच बोट काळं झालं का ते बघतात. भाच्यानं सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय.