‘अभ्यासू वाचक’ यांस: त्या दोन गोळ्यांबद्दल

‘थायरॉईडची गोळी आणि गरोदरपणाचे पहिले तीन महिने’ हा माझा लेख थायरॉईड ग्रंथीचं काम कमी पडतं म्हणून रोज थायरॉक्सिनची (त्या ग्रंथीतून निघणाऱ्या संप्रेरकाची) गोळी चालू असलेल्या बायकांसाठी होता. दिवस राहिले की गोळी कशी वाढवायची, टीएसएच (ग्रंथी कमी पडली की रक्तात वाढणारं संप्रेरक) २.५च्या खाली का ठेवायचा आणि रोजच्या जेवणात सैंधवाऐवजी आयोडीनयुक्त मीठ का हवं, हे त्यात होतं. त्या लेखाखाली ‘अभ्यासू वाचक’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी ती इथे पूर्ण देते.

“ताई, स्वतःचा अनुभव म्हणजे शास्त्र नव्हे. टेस्ट पॉझिटिव्ह आली की डॉक्टरांची वाट न पाहता आठवड्याला दोन गोळ्या वाढवा, हा सल्ला बेजबाबदार आहे. एखादीचा डोस आधीच जास्त असेल किंवा तिला हृदयाचा त्रास असेल तर? २.५ चा आकडाही जुना, २०१७ पासून तो ४ आहे. उगाच घाबरवून बायकांना लॅबच्या रांगेत उभं करू नका. आमच्या आईला टीएसएच हा शब्दही माहीत नव्हता, आम्ही चारही भावंडं ठणठणीत आहोत. सैंधवाबद्दल लिहिलंय ते तर हास्यास्पद.”

तिथेच दोन ओळी लिहून विषय संपवणार होते. पण बऱ्याच जणांनी या प्रतिक्रियेला अंगठा दिलाय, आणि त्यातल्या दोघी माझ्या ओळखीच्या, सध्या दिवस राहिलेल्या आहेत. म्हणून जरा सविस्तर.

आधी सुराबद्दल बोलू. मला कुणी चूक दाखवली तर राग येत नाही. इतकी वर्षं लिहितेय, कातडी बऱ्यापैकी जाड झालीय. पण एवढ्याशा मजकुरात ‘बेजबाबदार’, ‘घाबरवून’ आणि ‘हास्यास्पद’? “अमुक वाक्य पटलं नाही, जरा खुलासा कराल का?” असं विचारलं असतंत तर मी हातातलं काम टाकून उत्तर दिलं असतं. सुरुवातीला ‘ताई’ म्हणायचं आणि पुढच्याच ओळीत कान धरायचा, ही पद्धत मला आमच्या सोसायटीच्या मीटिंगमधून चांगली परिचयाची आहे. शिवाय मी माझ्या नावाने लिहिते. तुम्ही नाव झाकून स्वतःला ‘अभ्यासू’ ठरवून टाकलंय. ठीक आहे, मग अभ्यासाचंच बोलू.

‘डॉक्टरांची वाट न पाहता’ हे शब्द माझे नाहीत. माझं वाक्य असं होतं: “गोळी आधीपासून चालू असेल तर मूल हवं असं ठरवतानाच डॉक्टरांकडून पुढचा डोस कागदावर लिहून घ्या, टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्या दिवसापासून तो सुरू करा आणि लगेच त्यांना कळवा.” यात डॉक्टर दोनदा येतात, एकदा आधी आणि एकदा नंतर. तुम्ही दोन्हीकडचे डॉक्टर गाळलेत, मधल्या गोळ्या तेवढ्या ठेवल्यात आणि मला बेजबाबदार म्हणालात.

आणि गंमत बघा. ज्या २०१७चा दाखला तुम्ही देता, त्या वर्षी अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने गरोदरपणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातलाच ४चा आकडा तुम्ही उचललाय. त्याच सूचनांमध्ये म्हटलंय की जिची गोळी आधीपासून चालू आहे तिला दिवस राहिल्याचा संशय आला किंवा खात्री झाली की डोस २० ते ३० टक्क्यांनी वाढवावा आणि ताबडतोब डॉक्टरांना कळवावं. हे करण्याची सोपी रीत म्हणजे आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या. माझ्या दोन गोळ्या तिथूनच आल्यात. पाणी भरताना नळावर ऐकलेल्या नाहीत. तुम्ही ती पानं वाचली असतील तर हे तुम्हाला दिसायला हवं होतं. नसतील वाचली, तर ४ कुठून आणलात?

एवढी घाई कशाला, हे मूळ लेखात होतं, तरी पुन्हा सांगते. बाळाच्या गळ्यातली ग्रंथी दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास आयोडीन ओढायला लागते आणि स्वतःपुरतं थायरॉक्सिन करायला तिला जवळजवळ अर्धं गरोदरपण लागतं. तोवर मेंदूची जी बांधणी चाललेली असते ती आईकडून वारेतून येणाऱ्या थायरॉक्सिनवर. दुसरीकडे आईच्या रक्तात इस्ट्रोजेनमुळे थायरॉक्सिनला धरून ठेवणारं प्रथिन वाढतं, म्हणजे मागणी वाढते. निरोगी ग्रंथी एचसीजी या गरोदरपणातल्या संप्रेरकाच्या जोरावर ती मागणी पुरवते. आपली ग्रंथी आधीच थकलेली, ती कुठून पुरवणार? तिचा पुरवठा म्हणजे बाटलीतली गोळी, आणि ती गोळी आपोआप मोठी होत नाही. २००४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी गोळी चालू असलेल्या गरोदर बायकांचा अभ्यास छापला. वाढीव डोसची गरज पाचव्या आठवड्यापासूनच दिसायला लागली होती आणि गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात ती सरासरी ४७ टक्क्यांनी वाढली होती.

पाचवा आठवडा म्हणजे पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला. आता मला सांगा, आपल्या ठाण्यात पाचव्या आठवड्यात गायनॅकची अपॉइंटमेंट कुणाला मिळते?

इथे तुम्हाला नको असलेला माझा अनुभव येणार. इलाज नाही.

पहिल्या खेपेला मी वर्तकनगरला राहत होते आणि वागळे इस्टेटमध्ये नोकरीला होते. थायरॉईड लग्नाआधीपासूनचा, गोळी ७५ मायक्रोग्रॅमची. टेस्टवर दुसरी रेघ दिसली त्याच सकाळी दवाखान्यात फोन केला. रिसेप्शनवरच्या मुलीने पाळीची तारीख विचारली, वहीची पानं उलटल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, “आत्ता येऊन काय दिसणार मॅडम? ठोके यायला पाहिजेत. पुढच्या महिन्यात या, सोनोग्राफी करून टाकू. फॉलिक अ‍ॅसिड चालू ठेवा.” मी म्हटलं, थायरॉईड आहे मला. “हो हो, ते मॅडम बघतील तेव्हा.” तिचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. तिच्या वहीत थायरॉईडसाठी वेगळा रकाना नव्हता, एवढंच. मॅडमनी बघितलं तेव्हा सातवा आठवडा संपत आला होता आणि टीएसएच ६.८ होता. त्याच दिवशी ७५ची १०० झाली. पण मधले ते आठवडे कुणाच्या खात्यावर मांडायचे?

दुसऱ्या खेपेला मी शहाणी झाले होते. मूल हवं असं ठरल्यावर आधी नौपाड्यातल्या एका एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, म्हणजे ग्रंथींच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी टीएसएच २.५च्या खाली आणला. मग लेटरहेडवर निळ्या शाईत दोन ओळी लिहून दिल्या: टेस्ट पॉझिटिव्ह आल्यास शनिवारी आणि रविवारी दोन-दोन गोळ्या, इतर दिवशी एक, लगेच टीएसएच आणि त्यानंतर दर चार आठवड्यांनी. तो कागद मी मायक्रोवेव्हवर मसाल्याच्या डब्याखाली दाबून ठेवला होता, त्यावर हळदीचा डाग अजून आहे. या वेळी पहिला रिपोर्ट १.९ आला. गायनॅकच्या रिसेप्शनने ‘पुढच्या महिन्यात या’ म्हटलं तेव्हा मी शांतपणे ‘हो’ म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, मोठा मुलगाही ठणठणीत आहे ना? आहे. तिसरीत आहे आणि माझ्याशी तुमच्याच सुरात वाद घालतो. पण नशीब चांगलं निघालं म्हणून त्याला कुणी पद्धत म्हणत नाही. ‘स्वतःचा अनुभव म्हणजे शास्त्र नव्हे’ हे वाक्य ऐकायला फार छान वाटतं. पण शास्त्र ज्या मार्गदर्शक सूचनांमध्ये असतं आणि बाई ज्या वेटिंग रूममध्ये बसलेली असते, त्या दोघांत बरंच अंतर असतं. ते किती आहे हे तिथे बसलेलीलाच ठाऊक. दिव्याहून सकाळच्या गर्दीत लोकलमध्ये चढणारी, ऑफिसात अजून कुणाला काही न सांगितलेली मुलगी पाचव्या आठवड्यात डॉक्टर शोधत फिरणार नाही. तिच्या पर्समध्ये कागद असेल तर ती गोळी वाढवेल, नसेल तर नाही. हे मी कुठल्या जर्नलमध्ये वाचलेलं नाही, खरंय. तुम्हाला कुठल्या जर्नलमध्ये सापडलं तर कळवा.

डोस आधीच जास्त असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर काय? तर तिचे डॉक्टर कागदावर वेगळं लिहितील, किंवा लिहिणारच नाहीत. कागद आधी घ्या असं म्हणते ते त्यासाठीच.

आकड्याच्या बाबतीत थोडं तुमचं मान्य. जिला गोळी चालू नाही आणि पहिल्यांदाच तपासणीत टीएसएच थोडा वर आलाय, तिच्यासाठी लॅबची स्वतःची गरोदरपणाची मर्यादा नसेल तर ४च्या आसपासची रेषा धरतात. अँटी-टीपीओ (शरीर स्वतःच्याच थायरॉईडवर हल्ला करतंय का, हे सांगणारी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह असेल तर २.५ च्या वरही डॉक्टर गोळीचा विचार करतात. लेखात हे एका ओळीत उरकलं होतं, वेगळा परिच्छेद हवा होता. घ्या, दिला. पण जिची गोळी आधीपासून चालू आहे तिचं लक्ष्य २.५च्या खालीच, आणि हेही तुमच्याच २०१७मधलं. माझा लेख तिच्यासाठी होता. पहिल्या ओळीत तसं लिहिलंही होतं.

घाबरवण्याचं म्हणाल तर १९९९ साली हॅडो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला तेव्हा खरंच जगभर घबराट झाली होती. थायरॉईड कमी पडत असूनही गरोदरपणात उपचार न मिळालेल्या आयांच्या मुलांचा बुद्ध्यांक तुलनेतल्या मुलांपेक्षा सरासरी ७ अंकांनी कमी भरला होता. पुढे २०१२ आणि २०१७मध्ये मोठ्या चाचण्या झाल्या. सौम्य कमतरतेत गोळी देऊन मुलांच्या बुद्ध्यांकात फरक दिसला नाही. हे मी लपवलेलं नाही, मूळ लेखात आहे, तुम्ही तिथवर पोचला नसाल. मात्र त्या चाचण्यांमध्ये गोळी सुरू झाली तेव्हा बऱ्याच जणींचे पहिले तीन महिने संपत आले होते किंवा संपलेच होते. शिवाय त्या बायकांना आधी थायरॉईडचा आजार नव्हता. जिची ग्रंथी मुळातच काम करत नाही तिने त्यावरून गोळीत ढिलाई करायची नसते.

लॅबच्या रांगेचं म्हणाल तर टीएसएचला उपाशी राहावं लागत नाही. संध्याकाळी ऑफिसातून येताना रक्त द्या, रांग नसते. अर्धं गरोदरपण होईपर्यंत दर चार आठवड्यांनी आणि तिसाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा, एवढंच. एवढ्याला कुणी घाबरत असेल तर मधुमेहाच्या तपासणीचं ग्लुकोजचं पाणी पिताना काय करेल?

तुमच्या आईंना माझा नमस्कार. त्यांना टीएसएच माहीत नव्हता कारण त्यांना कुणी सांगितला नाही. त्यांच्या काळात किती जणींना काय झालं आणि ते का झालं, याची नोंद कुणी ठेवली नाही. ज्यांची भावंडं राहिली नाहीत ते प्रतिक्रिया लिहायला येत नाहीत. यापुढे मी काही म्हणत नाही, कारण आईला मध्ये आणलं की वाद घालता येत नाही, हे तुम्हालाही ठाऊक असणार.

सैंधव. उपवासाला चिमूटभर खा, माझं काही म्हणणं नाही. पण ‘नैसर्गिक’ म्हणून रोजच्या आमटी-भाजीत तेच टाकणारी घरं घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत मोजून दाखवेन. आयोडीनयुक्त मिठात घरापर्यंत पोचताना निदान १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) आयोडीन असावं लागतं. सैंधवात ते नावापुरतं असतं. गरोदर बाईला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन हवं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आईची कमतरता गोळी भरून काढते हो, पण बाळाची ग्रंथी जेव्हा स्वतः काम करायला लागते तेव्हा तिला कच्चा माल लागतोच. यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. मिठाचं प्रमाण वाढवा असं मी कुठेही लिहिलेलं नाही, साधं आयोडीनयुक्त मीठ वापरा एवढंच म्हटलंय.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. पुढची लिहाल तेव्हा आधी लेख शेवटपर्यंत वाचा आणि माझी वाक्यं अवतरणात देताना पूर्ण द्या. एवढीच अट.

आणि आता खाली चांगला प्रश्न विचारून तीन दिवस उत्तराची वाट पाहणाऱ्या कोपरीच्या मैत्रिणीकडे वळते. तू विचारलंयस, सकाळी उठल्या उठल्या उमासे येतात, गोळी पोटात टिकतच नाही, काय करू? अगं, सकाळीच घ्यायला हवी असा काही नियम नाही. पोट रिकामं हवं, इतकंच. रात्रीच्या जेवणानंतर तीन तास झाले की झोपताना घेतली तरी चालते. तुझ्या डॉक्टरांना एकदा विचार आणि वेळ बदल. फक्त रात्री जेवणानंतर तू जी कॅल्शियमची गोळी घेतेस ती दुपारच्या जेवणाबरोबर घे. लोहाची गोळीही दिवसाच घे, दोन्ही थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर रक्त देण्याआधी लॅबला सांग, त्याने रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. आणि बाटली बाथरूमच्या कपाटात ठेवू नकोस, पावसाळ्यात तिथली ओल त्या गोळ्यांना सोसत नाही.