माहिती आमची, खर्चही आमचाच!

"सर, प्री-अप्रूव्ह्ड लोन आहे!" अरे, माझा नंबर दिला कुणी तुला? आणि मी जाब विचारायचा कुणाला?

सुप्रीम कोर्टाने 2017 मध्येच सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आपली माहिती जपायचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला ऑगस्ट 2023 मध्ये. नियम? नोव्हेंबर 2025! वर कंपन्यांना मुख्य तरतुदी पाळायला आणखी 18 महिने. घाई काय आहे, माहिती काय पळून जातेय? (जातेच आहे म्हणा.)

आता या कायद्याखाली तक्रारी तपासून दंड करणारं डेटा संरक्षण मंडळ. अख्ख्या देशाला सदस्य किती? 4! त्यांचे पगार, कचेरी, बाबू लोक, सगळं करदात्याच्या खिशातून. बरं, झालाच एखाद्या कंपनीला दंड, अगदी 250 कोटींचा, तर तो जाणार कुठे? सरकारी तिजोरीत! आणि ज्याची माहिती चव्हाट्यावर आली त्याला? ठेंगा! आयटी कायद्यात भरपाईचं 43-अ कलम तरी होतं, तेही काढून टाकायची तजवीज याच कायद्यात. उलट तुमची तक्रार खोटी ठरली तर तुम्हालाच 10,000 रुपयांपर्यंत दंड.

सरकारी यंत्रणांना सूट द्यायची सोय मात्र कलम 17 मध्ये चोख करून ठेवलीय. ती बरी नाही विसरले!