नॉर्मलायझेशन म्हणे डिस्क वाचवायला होतं!

नवीन शिकणाऱ्यांनी डेटाबेस डिझाइनच्या नादी लागू नये अशी एक पोस्ट सध्या सगळीकडे फिरतेय. कारणं काय तर नॉर्मलायझेशन (प्रत्येक गोष्ट एकाच जागी लिहिली जाईल अशी टेबलं वेगळी करणं) हे डिस्क महाग होती तेव्हाचं खूळ, जॉइन (वेगवेगळ्या टेबलांतला डेटा जोडून आणणं) स्लो असतात, आता नोएसक्यूएलचा (टेबलांऐवजी डॉक्युमेंट वगैरे ठेवणाऱ्या डेटाबेसचा) जमाना, आणि स्कीमा (टेबलांचा आराखडा) काय एआय बनवून देतोच.

डिस्कचं आधी बघू. आयबीएममधल्या एडगर कॉड या संशोधकाने १९७० ला रिलेशनल मॉडेल (डेटा टेबलांत ठेवायची पद्धत) मांडलं, १९७१ ला सेकंड आणि थर्ड नॉर्मल फॉर्म (नॉर्मलायझेशनच्या पायऱ्या) आणले, आणि त्याला टाळायचा होता तो इन्सर्ट, अपडेट, डिलीट करताना होणारा घोळ. एखाद्या कोचिंग क्लासचा सगळा डेटा एकाच टेबलात कोंबून बघा: विद्यार्थी, फोन, बॅच, वेळ, सर. बॅचची वेळ बदलली की चाळीस ओळी बदला, त्यातल्या दोन राहिल्या की ती दोन पोरं भलत्याच वेळी दारात उभी. नवीन बॅच ठरलीय पण ॲडमिशन एकही नाही, मग ती लिहायची कुठे? आणि बॅचमधल्या शेवटच्या पोराने क्लास सोडला, तुम्ही ओळ उडवली, की बॅच, वेळ, सर सगळंच गेलं. आता यात दोन टीबीची डिस्क आणून काय होणार आहे?

जॉइन स्लो, हे अर्धवट खरं. पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रायमरी कीला (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) आपोआप इंडेक्स (ओळ पटकन शोधायची सूची) देतं पण फॉरेन कीच्या (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या) कॉलमला देत नाही, तो आपण द्यायचा असतो (मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं इनोडीबी इंजिन स्वतःच देतं). म्हणजे इंडेक्स नाही, एक्स्प्लेन (क्वेरी कशी चालते ते दाखवणारी कमांड) कधी चालवून बघितलं नाही, आणि शिव्या जॉइनला!

नोएसक्यूएलवर फार बोलत नाही. मोंगोडीबी या नोएसक्यूएल डेटाबेसने २०१५ मध्ये लुकअप (जॉइनसारखीच सोय) आणलं, २०१८ मध्ये अनेक डॉक्युमेंटवरची ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकदम होतील, नाहीतर एकही नाही), लोकांना गरज पडली म्हणूनच ना. आणि पोस्टग्रेसमध्ये जेसनबी (डॉक्युमेंटसारखा डेटा ठेवायचा कॉलमचा प्रकार) २०१४ पासून आहे, हवं तिथे वापरा की.

हां, नवशिके वाहवत जातात हे पोस्टमधलं मान्य. फी बॅचच्या टेबलात आहे ना, मग ॲडमिशनमध्ये परत कशाला, असं म्हणून काढून टाकतात आणि पुढच्या वर्षी फी वाढवली की जुन्या पावत्यांवरचा आकडाही बदलतो. बॅचची आजची फी आणि या पोराची ठरलेली फी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही ठेवायच्या. हे डुप्लिकेशन नाहीच.

राहिला एआय. टेबलं तो झकास देतो, पण एक पोरगा दोन बॅचला बसू शकतो का हे क्लासवाल्या सरांना विचारायला तो जात नाही. तुम्हीही विचारलं नाही तर तो बॅच आयडी विद्यार्थ्याच्याच टेबलात टाकून मोकळा होऊ शकतो, मग जूनमध्ये कोणी गणित आणि सायन्स दोन्ही लावलं की बॅच२ नावाचा कॉलम येतो, आणि दिवाळीनंतर बॅच३.