मेण वातीला धरून ठेवते, हा समज व्होटिव्ह मेणबत्तीत का टिकत नाही

दिवाळीआधी आणि पुन्हा नाताळाच्या तोंडावर मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि बचत गटांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहांवर घरगुती मेणबत्त्यांविषयीचा एक संदेश फिरतो. त्याचा आशय थोडक्यात असा: व्होटिव्ह मेणबत्तीसाठी (पेल्यात ठेवून जाळायच्या बुटक्या मेणबत्तीसाठी) वातीच्या बुडाशी बसवायची धातूची चकती विकत घेणे हा निव्वळ खर्च आहे, कोणताही जाड सुती दोरा घ्यावा, मेण थोडे आळले की तो मधोमध खुपसावा, वाकत असेल तर त्यात बारीक तार घालावी आणि साचा फ्रिजमध्ये ठेवावा, मेण गोठले की वात आपोआप पक्की बसते, मेणबत्ती लावायला कटिंग चहाचा पेला पुरतो, आणि पूर्वीच्या मेणबत्त्यांना तरी कुठे चकत्या होत्या? संदेशातली काही विधाने अर्धी खरी आहेत आणि म्हणूनच ती एकेक करून तपासणे आवश्यक आहे.

मेण गोठले की वात पक्की बसते, हे मूळ विधान मेणबत्ती पेटवण्याच्या क्षणापर्यंत अगदी बरोबर आहे. व्होटिव्ह मेणबत्ती म्हणजे साधारण 50 ते 60 ग्रॅम मेणाची, साच्यातून काढून नंतर काचेच्या नेमक्या मापाच्या पेल्यात ठेवायची बुटकी मेणबत्ती. ती पेल्यात पूर्णपणे वितळावी अशाच हिशेबाने केलेली असते. मेणबत्तीसाठी वापरले जाणारे पॅराफिन बहुधा 55 ते 60 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. त्यामुळे ज्योत निम्म्याखाली उतरली की हळूहळू पेल्यातले सगळे मेण द्रवरूप होते. ज्या मेणाने वातीला धरायचे, तेच तेव्हा पातळ झालेले असते. चकती नसलेली वात अशा वेळी कलंडते, तरंगत कडेला जाते आणि एकतर मेणात बुडून विझते किंवा जळत जळत काचेला टेकते. म्हणजे वातीला आधाराची खरी गरज शेवटच्या तासांत असते आणि मेणाचा आधार नेमका त्याच तासांत संपतो.

चकतीचे दुसरे काम या संदेशाच्या गावीही नाही. चकतीला मधोमध एक लहान नळीसारखी मान असते आणि वात त्या मानेत घालून पकडीने आवळलेली असते. ही मान साधारण 3 ते 10 मिलिमीटर उंचीची मिळते. ज्योत मानेच्या वरच्या काठाशी पोहोचली की पत्र्याने आवळलेल्या भागातून वातीला पुरेसे मेण ओढता येत नाही, आणि तळाशी मेणाचा पातळ थर शिल्लक असतानाच ज्योत विझते. उरलेले ते मेण म्हणजे नासाडी, असे वाटणे साहजिक आहे. पण ज्योत काचेच्या बुडाशी जाऊन काच तडकू नये यासाठी मोजलेली ती किंमत आहे.

पूर्वीच्या मेणबत्त्यांना चकत्या नव्हत्या, हा संदेशातला सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत फसवा मुद्दा आहे. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला किंवा वांद्र्याच्या माउंट मेरीला सप्टेंबरच्या जत्रेत लावल्या जाणाऱ्या उंच, सडपातळ मेणबत्त्यांना चकती नसते, हे खरेच आहे. मात्र त्या मेणबत्तीत एका वेळी फक्त माथ्यावरचे थोडेसे मेण वितळते आणि त्याखालची सबंध वात घट्ट मेणात रुतलेली असते. ती मेणबत्ती स्वतःच स्वतःचा आधार असते. तिचा दाखला पेल्यात वितळणाऱ्या मेणबत्तीला देणे म्हणजे समईतल्या वातीचा नियम कंदिलाला लावण्यासारखे आहे.

आता दोरा खुपसण्याविषयी. येथे संदेश बरोबर दिशेने निघून वाट चुकला आहे, कारण व्होटिव्ह मेणबत्तीत वात खरोखरच नंतर घालतात. फक्त ती वरून नव्हे, तर खालून. त्यासाठी व्होटिव्ह पिन वापरतात: पसरट बुडावर उभी केलेली धातूची सळई. ती साच्यात आधीच उभी करायची आणि तिच्याभोवती मेण ओतायचे. मेण थंड होताना आकसते आणि सळईभोवती खळगा पडतो. म्हणून थोडे मेण राखून ठेवून, पहिल्या ओतण्यापेक्षा किंचित अधिक गरम करून, दुसऱ्यांदा ओतावे लागते. हे दुसरे मेण पहिल्या पातळीच्या वर जाऊ देऊ नये, नाहीतर ते साचा आणि मेणबत्ती यांच्या फटीत उतरते. पूर्ण गार झाल्यावर मेणबत्ती साच्याबाहेर काढून सळईचे टोक ओट्यावर हलकेच दाबले की पिन सुटते आणि आरपार सरळ छिद्र राहते. चकती लावलेली, आधीच मेणात बुडवून ताठ केलेली वात त्या छिद्रातून खालून वर ओढली की चकती बुडाला सपाट टेकते. मग कोमट तव्यावर मेणबत्तीचे बूड दोन-तीन सेकंद टेकवावे. तेवढ्याने तळाचे मेण चकतीभोवती वितळून पुन्हा गोठते.

याउलट, अर्धवट आळलेल्या मेणात वरून खुपसलेला दोरा तळापर्यंत पोहोचला की नाही हे दिसत नाही, तो तिरका जातो, आणि पुढे मेण आकसताना त्याच्याभोवती पोकळी राहते. या पोकळीमुळे ज्योत कधी फडफडते, कधी मंदावते. चकतीऐवजी ग्लू गनचा थेंब लावण्याचा सल्लाही याच संदेशाला जोडून येतो. पण तो गोंद उष्णतेने वितळतो म्हणून तर वापरता येतो. शिवाय वात चिकटवायची तरी कशावर, हाही प्रश्न आहे, कारण ही मेणबत्ती पेल्यात ओतलेली नसून पेल्यात ठेवलेली असते.

तार घालण्याचा सल्ला मात्र केवळ निरुपयोगी नाही, घातकही ठरू शकतो. घरात सापडणारी मऊ, बारीक तार कधी कधी सोल्डरची, म्हणजे विजेचे सुटे भाग जोडायच्या धातूची असते, आणि लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात रिळाने मिळणाऱ्या नेहमीच्या सोल्डरमध्ये कथिलाबरोबर शिसे असते. शिशाची तार घातलेल्या वाती जळताना हवेत शिसे सोडतात, या कारणावरून अमेरिकेत 2003 साली त्यांच्यावर बंदी आली. कारखान्यांत जस्ताची तार घातलेल्या वाती बनतात, हे खरे आहे. परंतु तार वातीला ताठ करते, बुडाशी धरून ठेवत नाही. चकतीचे काम तिने होत नाही.

'कोणताही जाड दोरा' हेही असेच सैल विधान आहे. मेणबत्तीची वात विणलेली असते. फ्रान्समध्ये 1825 साली काँबासेरेस यांनी अशी वात प्रचारात आणली, तेव्हापासून जळणारे टोक वाकून ज्योतीच्या कडेला जाऊ लागले आणि तेथे जळून संपू लागले. त्याआधीच्या पिळाच्या वातींची काजळी सतत कातरावी लागे. शिवणाच्या दोऱ्यात बहुधा पॉलिस्टर असते आणि ते वितळून गोळा होते. गरजेपेक्षा जाड वात धूर करते आणि पेला अवाजवी तापवते, तर बारीक वात स्वतःच वितळवलेल्या मेणात बुडते.

फ्रिजविषयी एवढेच सांगणे पुरे आहे की घाईने गार केलेले मेण तडकते आणि वातीपासून सुटते, शिवाय मुंबईच्या दमट हवेत फ्रिजबाहेर काढलेल्या मेणबत्तीवर दव धरते आणि ओली वात तडतडते. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर रात्रभर ठेवलेला साचा आपोआप गार होतो.

राहिला कटिंगचा पेला. तो तळाशी निमुळता असल्यामुळे मेणबत्ती मध्येच अडकते आणि तिच्याखाली रिकामी जागा राहते. वितळलेले मेण त्या जागेत उतरले की वात कोरडी पडते आणि उत्तम बसवलेली चकतीसुद्धा आधाराविना लोंबकळते. पेला गरम चहा सोसतो म्हणून ज्योतही सोसेल असे नाही. चहाचा ताप 100 अंशांच्या आत असतो आणि तो सगळ्या काचेला सारखा लागतो. ज्योत एका जागी टेकली तर तेवढाच भाग तापतो आणि साधी काच त्या असमान तापाने फुटते. पेला सपाट बुडाचा, उष्णता सोसणाऱ्या काचेचा आणि मेणबत्तीच्या अंगाबरोबरचा असावा. बनवलेल्या प्रत्येक नव्या प्रकारातली एक मेणबत्ती, पंखा बंद करून, स्टीलच्या ताटात ठेवून, नजरेसमोर शेवटपर्यंत जाळून पाहावी आणि मगच उरलेल्या कोणाला द्याव्यात.