शाळा उघडली, पालकांनी रांगेत यावे

परवा सोमवारी आमच्या लेकीची शाळा सुरू झाली. दादर-माहीमकडची कॉन्व्हेंट शाळा. नाव सांगत नाही, कारण त्या बिचाऱ्या शाळेचा यात काही दोष नाही. लेक तिसरीत गेली. घरापासून धो धो पावसात रेनकोट घालून निघाली, कोरडी ठणठणीत पोचली आणि फाटक चार पावलांवर असताना कमरेपर्यंत भिजली. ते कसं, ते येईलच पुढे. तोवर ज्यांची मुलं या आठवड्यात शाळेत परत जाताहेत अशा समस्त पालकांनी माझे चार अनुभवाचे बोल ऐकून घ्यावेत. फी नाही.

सर्वांत आधी विसरायला शिका. प्रवेशाच्या वेळी माहीमच्या चर्चमध्ये सलग नऊ बुधवार नोव्हेनाच्या प्रार्थनेला उभे होतात, ते विसरा. वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चला नवसाला वाहायला मेणाचं घर मिळतं, मेणाचं बाळ मिळतं, मेणाची शाळा मिळत नाही म्हणून बाळावर भागवलंत, तेही विसरा. खालच्या मजल्यावरच्या अंकलना फादरच्या कानावर दोन शब्द घालायला लावले होतेत, ते तर विसराच. आता प्रवेश झालाय, हलवणारं कोणी नाही. तेव्हा पालकांच्या ग्रुपवर साळसूदपणे विचारा, "असेंब्लीत रोज 'आवर फादर' कशाला म्हणायला लावतात हो?" अंगणात मदर मेरीचा पुतळा आहे हे आजच दिसलं असा चेहरा ठेवा. (आमची लेक सकाळी 'आवर फादर' म्हणते आणि संध्याकाळी आजीजवळ बसून 'शुभं करोति'. तिला अजून दोन्हींत भांडण सापडलेलं नाही. मोठी झाली की आपण शिकवूच.)

वह्यांना खाकी कव्हरं मुलांना घालू देऊ नका. एक कोपरा वाकडा गेला तर पुढे आयआयटी हुकते.

दप्तराच्या ओझ्यावर मात्र तावातावाने बोला. केंद्राच्या २०२० च्या धोरणात तिसरी ते पाचवीच्या मुलांचं दप्तर १.७ ते २.५ किलोंचं असावं असं लिहिलंय, हे आकडे तोंडपाठ ठेवा. फक्त दप्तर उघडून बघू नका. मी ते वाण्याच्या काट्यावर ठेवलं, साडेचार किलो भरलं. उघडलं तर शाळेने सांगितलेल्या वह्या-पुस्तकांखाली स्टीलची एक लिटरची बाटली, लागली तर असावी म्हणून दुसरी बाटली, तीन मजली डबा, कपड्यांचा जोड, दोन कंपासपेट्या आणि गेल्या वर्षीची चित्रकलेची वही. सिस्टरनी यातलं काहीही भरलेलं नव्हतं. मीच भरलं होतं.

आज वर्गात काय शिकवलं ते ग्रुपवर विचारा. शेजारी बसलेल्या मुलाला विचारू नका, त्याला काय कळतंय.

डिव्हिजन बदलली असेल तर ऑफिससमोरच्या बाकावर ठिय्या द्या. मूल रडतंय, जेवत नाहीये, असं सांगा. ते त्याच वेळी नव्या वर्गात नव्या मित्राच्या डब्यातली इडली खात असेल, पण त्याने काही बिघडत नाही.

आता भाषा. शाळेच्या आवारात पाय ठेवला की मराठी चपलेसारखी बाहेर काढून ठेवायची. "बेटा, से गुड मॉर्निंग टू टीचर. रेनकोट रिमूव्ह कर. बॉटल घेतलीस ना, यस?" समोरच्या टीचर वसईच्या, पिढ्यान्पिढ्या घरात मराठी बोलणाऱ्या कॅथलिक कुटुंबातल्या. लेकीच्या वहीत त्यांनी लिहिलेला शेरा मी दोनदा वाचला, ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक सापडली नाही. त्या विचारतात, "डबा आणलाय ना तिने?" आणि आपल्यातला एक लालबागचा बाबा उत्तर देतो, "यस यस, टिफिन शी इज हॅविंग." तो बाबा मी नव्हतो. म्हणजे यंदा नव्हतो.

मग पालकसभेत हात वर करा आणि विचारा, मराठीचा पेपर एवढा कठीण कशाला, टक्के खाली येतात. मराठी सक्तीची शाळेने केलेली नाही. राज्याच्या २०२० च्या कायद्याने केली, आणि न शिकवणाऱ्याला एक लाखापर्यंत दंड आहे. पण हात वर करणारे कोण? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा ज्यांनी ग्रुपवर पेढ्यांचे फोटो टाकले, तेच. इंग्लंडात जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनी इथली भाषा शिकून ख्रिस्तपुराण रचलं, ओवीत, जवळजवळ ११ हजार ओव्या. ते १६१६ साली छापलं गेलं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. फादर मंडळींना मराठीचं वावडं नाही हो. वावडं तुम्हाला-मला आहे. मी स्वतः मराठी शाळेत शिकलो आणि लेकीला इथे घातली, त्यामुळे मला बोलायचा अर्धाच हक्क आहे. तो वापरून झाला.

असो. सल्ले चालले होते. सगळ्यांत मोलाचा राहिला.

मुलाला गाडीनेच सोडा. घर तीनशे मीटरवर असलं तरी. फाटकासमोर रस्त्यावर पिवळ्या रंगात 'शाळा' असं लिहिलंय, ती पार्किंगची जागा समजा आणि बरोबर तिच्यावर थांबा. दार रस्त्याच्या बाजूने उघडा. मागे शाळेची बस हॉर्न देत असेल तर देऊ दे, तिच्यात काय, चाळीसच मुलं आहेत, तुमचं एकुलतं एक आहे. बाबाने छत्री धरावी, आईने मोबाइल. "अगेन बेटा, मम्माकडे बघून बाय कर." परवा हा बाय चार वेळा झाला. मी मोजला, कारण मी आणि लेक त्या गाडीच्या मागे अडकलो होतो. फुटपाथवरून जावं तर तिथे तीन स्कूटर आडव्या. चौथ्या बायला तो मुलगा रडायलाच लागला. पहिल्या दिवसाचं रडू किती गोड, म्हणून तेही शूट झालं. त्याला शू लागली होती. तो मघापासून तेच सांगत होता, मला ऐकू येत होतं, फक्त मोबाइल धरणारीला येत नव्हतं.

शेवटी फाटकातून सिस्टर पुढे आल्या. साठीच्या असतील. हातात काळी छत्री, गळ्यात शिट्टी, पायात भिजून फुगलेल्या चपला. त्यांनी शिट्टी मारली आणि गाडी पुढे घ्यायची खूण केली. झालं, साहेबांना राग आला. दार आपटलं, गाडी झटक्यात काढली ती थेट पुढच्या खड्ड्यातून. तो खड्डा, हो, तोच. लेकीचे पांढरे मोजे, नवा स्कर्ट, हातात धरलेली खाकी कव्हरवाली वही, सगळं चॉकलेटी. काच दोन बोटं खाली आली. "सो सॉरी हां!" आणि गेली गाडी.

सिस्टरनी तिला आत नेलं, टॉवेलने पाय पुसले, कोणाचे तरी कोरडे मोजे आणून घातले. सुट्टीनंतर पहिल्यांदा बघत होत्या तिला. म्हणाल्या, "अगं, दात आला की तुझा!"

संध्याकाळी ग्रुपवर मेसेज. "सिस्टर वॉज व्हेरी रूड टुडे." त्याला अकरा अंगठे. एकाने लिहिलं, पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत विषय काढू या. २०११ च्या फी-कायद्याने ज्या समितीत आपली नावं सोडतीने येतात, तीच समिती. गेल्या वर्षी याच गृहस्थाचं नाव निघालं होतं. एका बैठकीला फिरकला नाही.

सॉरी काय सॉरी? लाज वाटत नाही का तुम्हाला? शिस्त लागावी म्हणून नऊ-नऊ बुधवार मेणबत्त्या लावता आणि तुमच्यासाठी एक शिट्टी वाजली तर रूड? ज्या बाईने सकाळी मुलांना नावाने हाक मारत फाटकाशी उभं राहायचं, तिला हवालदार करून ठेवलंय तुम्ही. आणि वर तक्रार तिचीच! मुलं शाळेत धावत जातात हो, मी रोज बघतो. अडकतात ती तुमच्यापाशी. आठ वर्षांच्या मुलाचा पहिला दिवस तुमच्या स्टेटससाठी नसतो.

आणि मीही ग्रुपवर काही लिहिलं नाही. घाबरलो. बारावा अंगठा तेवढा दिला नाही, एवढंच.

उद्यापासून गाडी दोन गल्ल्या अलीकडे लावा, सकाळी सातला तिथे जागा असते. मुलाचा हात धरून चालत या आणि फाटकाशी हात सोडा. मोबाइल खिशात ठेवा. त्याला शू लागली असेल तर जाऊ द्या त्याला. त्या पांढऱ्या गाडीचा नंबर मी लिहून ठेवलाय, लेकीच्या मराठीच्या वहीच्या मागच्या पानावर. ती दप्तरात होती म्हणून कोरडी राहिली.